मिथेनॉल टाकलं, पीक सुटले, पण कशामुळे?

कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे बारीक नळीत विजेच्या जोरावर रेणू वेगळे करण्याची पद्धत, शिकत होतो तेव्हा दोन आम्लांनी मला छळलं. रचना जवळजवळ सारखी, त्यामुळे पीक (डिटेक्टरच्या आलेखातले उंचवटे) एकमेकांवर बसलेले. एका सीनियरने सुचवलं, "नळीतल्या बफरमध्ये वीस टक्के मिथेनॉल टाकून बघ." टाकलं, आणि पुढच्याच रनला दोन स्वच्छ, सुटे पीक. मी वहीत लिहिलं: 'मिथेनॉलने सिलेक्टिव्हिटी (दोन रेणूंच्या वेगांतला सापेक्ष फरक) सुधारली.' हे वाक्य चुकीचं होतं. वेळ दुपटीने वाढलाय याकडे मी लक्षच दिलं नव्हतं.

आवरण नसलेल्या सिलिका कॅपिलरीत भिंतीवरचे सिलॅनॉल गट ऋणभारित असतात, त्यामुळे सगळा द्रव कॅथोडकडे सरकतो. हाच ईओएफ (इलेक्ट्रोऑस्मॉटिक फ्लो). ऋण आयन उलट दिशेला पोहत असतात, पण प्रवाह त्यांना ओढून डिटेक्टरपर्यंत नेतो. प्रवाह मंदावला की ते कॅपिलरीत जास्त वेळ राहतात आणि त्यांच्यातलं अंतर आपोआप वाढतं. माझ्या रनमध्ये नेमकं हेच घडलं होतं.

म्हणून नवख्यांना माझा पहिला आग्रह: नमुन्यात थायोयुरियासारखा भाररहित मार्कर घालाच; तो फक्त प्रवाहाबरोबर सरकतो, म्हणून त्याच्या वेळेवरून ईओएफ कळतो. प्रत्येक पीकची गतिशीलता (विद्युतक्षेत्राच्या एककामागे वेग) काढून त्यातून ईओएफची वजा करा, मग मिथेनॉलशिवाय आणि मिथेनॉलसह आलेले आकडे शेजारी ठेवा. दोन्ही आयन सारख्याच प्रमाणात मंदावले असतील तर सिलेक्टिव्हिटी बदललेली नाही. माझं गुणोत्तर जवळजवळ जागच्या जागी होतं. वहीतलं वाक्य खोडलं.

ईओएफ का घटतो? माध्यमाचा परावैद्युतांक (ते विद्युत आकर्षण किती क्षीण करतं ते), भिंतीचा झीटा विभव (भिंतीवरच्या भारामुळे तिच्यालगत तयार होणारा विभव) आणि श्यानता (दाटपणा), हे तिन्ही एकदम हलतात. पाणी आणि मिथेनॉल, दोघेही एकेकटे पातळ. पण मिसळले की मधल्या प्रमाणाजवळ श्यानता पाण्याच्या पावणेदोन पटीच्या आसपास जाते. ॲसिटोनायट्राइलची गोष्ट मला जास्त गमतीची वाटते. ते पाण्याहून बरंच पातळ, म्हणजे प्रवाह वाढायला हवा. तरी बफरमध्ये त्याचं प्रमाण वाढवत नेलं की ईओएफ सहसा घटतोच, कारण सिलॅनॉलचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे गट आयन झालेले असतात तो आकडा) वर सरकतो आणि भिंतीवरचा भार कमी होतो.

तोच पीकेए तुमच्या आम्लांचाही सरकतो, आणि खरी सिलेक्टिव्हिटी मिळते ती बहुधा इथेच. ॲसिटिक आम्लाचा पीकेए पाण्यात 4.76, शुद्ध मिथेनॉलमध्ये साडेनऊच्या पुढे, ॲसिटोनायट्राइलमध्ये तर 22 च्या वर. दोन आम्लांचे पीकेए कमी-जास्त सरकले आणि पीएच त्यांच्या आसपास असला, तर आयनीभवनातला फरक वाढतो. पीएच पीकेएपासून लांब ठेवून सॉल्व्हंट ओतत बसलात तर हा फायदा हातचा जातो. बरं, पीएच मीटर पाण्यातल्या बफरवर लावलेला असतो. मिश्रणात तो दाखवतो तो आकडा खरा पीएच नव्हे. मी पाण्यातल्या बफरचा पीएच सॉल्व्हंट मिसळण्याआधी मोजतो आणि नोंदीत तसं लिहितो.

एसडीएस या साबणासारख्या पदार्थाची मायसेल (त्याच्या रेणूंचे गोळे) वापरत असाल तर हात आखडता ठेवा. थोडं सॉल्व्हंट पाण्याला नको असलेल्या रेणूंना मायसेलमधून बाहेर खेचायला उपयोगी पडतं, फार झालं की मायसेलच मोडतात.

आता किरकोळ वाटणारे, पण दिवस खाणारे त्रास. जास्त ॲसिटोनायट्राइलमध्ये फॉस्फेट खाली बसतं, आणि करंट शून्यावर आला की कॅपिलरी तुंबली की आत बुडबुडा आहे, हे शोधण्यात दुपार जाते. अशा मिश्रणात अमोनियम ॲसिटेट बरं. पॉलिइमाइडचं आवरण ॲसिटोनायट्राइलमध्ये फुगून टोकाशी तोंड झाकू शकतं, म्हणून टोकाचे काही मिलिमीटर आवरण जाळून काढतात. आणि पीकची वेळ दर रनला सरकत असेल तर यंत्राला दोष देण्याआधी व्हायलचं झाकण बघा. सॉल्व्हंट उडून जातं, आणि सकाळचं वीस टक्के संध्याकाळी वीस टक्के उरलेलं नसतं.