दहावीनंतर आयटीआय: ट्रेड ठरवण्याआधी वर्कशॉप बघून या

दहावीचा निकाल लागला की आमच्या दिघ्यातली पोरं आईवडिलांना घेऊन माझ्याकडे येतात. मी ठाण्याला वागळे इस्टेटच्या शासकीय आयटीआयमध्ये फिटर झालो, आता रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्स बघतो. सगळे आधी हेच विचारतात, "कुठला ट्रेड घेऊ?" शेजारच्याने इलेक्ट्रिशियन घेतलं म्हणून आपणही तेच घेऊ नका. आधी वर्कशॉप बघा.

अर्ज ऑनलाइन भरायचा असला तरी तो निश्चित करायला मूळ कागदपत्रं घेऊन आयटीआयत जावं लागतं. त्याच दिवशी तिथल्या निदेशकांना विनंती करा, "सर, शॉप बघू का?" फिटरच्या शॉपमध्ये सुरुवातीला कानसच मारायची असते. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आवळायचा, पूर्ण हात लांबवून कानस चालवायची, मग गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून तुकडा उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत व्हाइसमध्ये. तळहाताला फोड येतात, खांदे भरून येतात. हे बघून पोराचे डोळे चमकले तर फिटर बिनधास्त घ्या. वेल्डिंगच्या केबिनमधली धग, टर्नरच्या लेथसमोर तासन्‌तास उभं राहणं, हेही प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कळत नाही. मुलींनाही हेच सांगतो. त्यांच्यासाठी राखीव जागा असतात, आणि "मुलीला कोपा (कॉम्प्युटरचा ट्रेड) बरं" एवढ्यावर घरच्यांनी विषय संपवू नये.

फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट हे 2 वर्षांचे. वेल्डर, प्लंबर, कोपा 1 वर्षाचे. वेल्डर, वायरमनसारख्या काही ट्रेडना दहावी नापासही चालतो, त्यामुळे निकाल वाईट लागला म्हणून पोराला घरी बसवू नका.

प्रवेश दहावीच्या गुणांवर, फेऱ्या-फेऱ्यांनी होतो. पसंतीचा क्रम भरताना घाई नको. पहिल्या क्रमांकाची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, नाही घेतली तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. म्हणून पहिल्या नंबरवर तेच लिहा जे खरंच हवंय. नुसत्या ठाण्यावर अडून राहू नका. बेलापूर, पनवेल, अंबरनाथ इथेही शासकीय आयटीआय आहेत. दिघा गाव स्टेशन 2024 मध्ये सुरू झाल्यापासून आमच्याकडून ठाणं काय, बेलापूर काय, लोकलने सोयीचं झालंय. हवा तो ट्रेड लांब मिळत असेल तर लांब जा, जवळचा नको असलेला घेऊ नका.

कागदपत्रांत पोरं अडकतात ती जातीच्या दाखल्यावर आणि नॉन-क्रिमीलेअरवर. निकालानंतर सेतूत रांग लागते. परीक्षा संपली की लगेच अर्ज टाका. मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवर नाव अक्षर न्‌ अक्षर सारखं आहे का, तेही बघून घ्या. फरक असेल तर शाळेतून आधीच दुरुस्त करून घ्या.

प्रवेश झाला की हजेरी सांभाळा. 80 टक्के नसेल तर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसता येत नाही. सकाळी पाव-पेपर टाकून शिकणारी पोरं आमच्याकडे आहेत, त्यांना माझं सांगणं असतं की कामाची वेळ बदलून घ्या, शॉप बुडवू नका. थिअरी पुस्तकातून भरून काढता येते, हात बसायला मशीनसमोरच उभं राहावं लागतं.

पास झाल्यावर लगेच मिळेल ती कंत्राटी नोकरी धरू नका. आधी अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करा. 1961 च्या कायद्याप्रमाणे त्यात विद्यावेतन मिळतं आणि चालू कारखान्यातलं काम शिकता येतं. आणि दहावीनंतर 2 वर्षांचा ट्रेड केला असेल तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. ज्याला पुढे शिकायचंय त्याने 1 वर्षाचा ट्रेड घेण्याआधी याचा विचार करावा.