स्पोर्ट्स म्युझियममध्ये कोण दिसतं आणि कोण गायब असतं, हे कसं बघायचं

ट्रॉफ्यांसमोर सेल्फी काढायच्या आधी एक काम करा, बायका, कृष्णवर्णीय, अपंग खेळाडू नेमके कुठे ठेवलेत ते बघा. मेन हॉलमध्ये सगळ्यांच्या बरोबरीने, की कोपऱ्यात एक पॅनल लावून विषय संपवलाय? जागेवरूनच निम्मं कळतं.

अमेरिकेतल्या कूपरस्टाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमचंच घ्या, म्हणजे निवडक दिग्गजांना मान देणारं म्युझियम, 1971 मध्ये कृष्णवर्णीय पिचर सॅचेल पेजला घेतलं खरं, पण नीग्रो लीगवाल्यांसाठी (गोऱ्यांच्या लीगमध्ये घेत नसत म्हणून कृष्णवर्णीयांनी खेळलेल्या वेगळ्या लीग) वेगळा विभाग करायचं ठरवलं होतं, म्हणजे वर्षानुवर्षं वेगळं खेळवलं आणि मानही वेगळ्या खोलीत! ओरड झाली तेव्हा कुठे बरोबरीचा मान मिळाला. बाई निवडली जायला तर 2006 उजाडलं, एफा मॅनली, तीही खेळाडू नव्हे, टीमची मालकीण.

मग लेबलं वाचा. ‘संधी मिळाली नाही’ असं लिहिलं असेल तर विचारा, कोणी दिली नाही? नुसतं ‘पहिली महिला’ लिहून मोकळे झाले असतील तर दार कोणी अडवलं होतं ते गाळलंय, आणि हे फार सर्रास चालतं.

मांडणीही बघा. कॅन्सस सिटीच्या नीग्रो लीग्ज म्युझियममध्ये खेळाडूंचे पुतळे असलेलं मैदान सुरुवातीलाच जाळीतून दिसतं, पण आत पाय ठेवायला अख्खं म्युझियम फिरावं लागतं. पॅनल न वाचताही मुद्दा कळतो.

शेवटी वस्तू कोणी दिल्या, मजकूर कोणी लिहिला हे स्टाफला विचारा, आणि व्हीलचेअरवरून शोकेस दिसते का तेही बघून घ्या.