फेअरवे वूड घ्यायचा की हायब्रिड? लांबी नंतर बघा, आधी जमीन बघा

गोल्फच्या बॅगेत ड्रायव्हर (पहिला लांब फटका मारायचा क्लब) ठरलेला असतो, पटर (होलजवळ बॉल ढकलायचा) ठरलेला असतो, वेजवरून (जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबांवरून) फारसं भांडण होत नाही, सगळा घोळ असतो तो ड्रायव्हर आणि सहा नंबरच्या आयर्नच्या (पातळ हेडचा क्लब, नंबर जितका कमी तितका लांब मारायचा) मधल्या जागेत. तिथे तीन, फार तर चार क्लब बसतात, कारण नियमाने बॅगेत १४ च्या वर क्लब चालत नाहीत (जास्त निघाला तर एकूण फटके मोजायच्या स्ट्रोक प्लेमध्ये प्रत्येक होलला दोन स्ट्रोकचा दंड, राउंडमध्ये जास्तीत जास्त चार). आणि नेमकी हीच जागा आपण दुकानदाराच्या किंवा यूट्यूबवाल्याच्या सांगण्यावरून भरतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चांगला लागल्यावर कुठला क्लब किती लांब जातो हे बघून निवडू नका. तुमचा बॉल बहुतेक वेळा कसल्या जमिनीवर पडलेला असतो, आणि पुढे ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) तो किती उंचावरून उतरायला हवा, हे दोन प्रश्न विचारा. सोलापूरकडच्या आपल्या लोकांना तर हे जास्तच लागू आहे, कारण सराव कडक जमिनीवर आणि मॅच पुण्याच्या नाहीतर हैदराबादच्या हिरवळीवर, असा आपला प्रकार.

आधी दोघांतला फरक

फेअरवे वूडचं हेड मोठं असतं, साधारण १५० ते २०० सीसी, सोल (हेडचा तळ) रुंद, शाफ्ट (दांडा) लांब. थ्री वूडचा लॉफ्ट (बॉलला लागणाऱ्या बाजूचा, म्हणजे फेसचा, मागे झुकलेला कोन) १५ डिग्रीच्या आसपास, फाइव्ह वूड १८, सेव्हन वूड २१. शाफ्ट ४२-४३ इंचांचा. वजन फेसपासून लांब मागे असल्यामुळे बॉल उंच जातो आणि ग्रीनवर जरा उभा उतरतो.

हायब्रिडचं हेड त्याहून बरंच लहान, सोल अरुंद, शाफ्ट ४०-४१ इंच. तीन नंबरचा हायब्रिड १९ डिग्रीच्या आसपास, चार नंबर २२, पाच नंबर २५. पण नंबरवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं असतं, एकाचा चार नंबर म्हणजे दुसऱ्याचा तीन नंबर निघतो. सोलवर किंवा मानेवर डिग्री कोरलेली असते ती वाचा. लॉफ्ट सारखा असला तरी वूड थोडा लांब आणि थोडा उंच जातो, कारण शाफ्ट लांब म्हणून हेडचा वेग जास्त. हायब्रिड लहान असल्यामुळे बॉलला बरोबर मधोमध लावणं सोपं जातं. बाकी सगळा वाद या दोन वाक्यांतूनच निघतो.

पहिलं काम: भरवशाचं शेवटचं आयर्न शोधा

गवतावरून (सरावाच्या मॅटवरून नाही, कारण पुढे सांगतो) दहा बॉल सहा नंबरने मारा, दहा पाच नंबरने, दहा चार नंबरने. ज्या आयर्नने दहातले सात तरी हवेत नीट उठतात आणि साधारण एकाच अंतरावर पडतात तिथे थांबा. त्याच्याहून कमी नंबरची सगळी आयर्न बॅगेतून बाहेर. चार नंबरचं आयर्न बॅगेत आहे म्हणून ठेवायचं असलं काही नाही, पन्नाशी ओलांडलेल्या खेळाडूचं पाच नंबरही गेलं तरी लाज वाटायचं कारण नाही.

भारताची गोल्फर अदिती अशोक २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, ब्राँझ एका स्ट्रोकने हुकलं. तिचा ड्राइव्ह बरोबरच्या मुलींपेक्षा बराच मागे पडत होता, त्यामुळे बाकीच्या जिथून आयर्न मारत होत्या तिथून ही वूड नाहीतर हायब्रिड काढत होती. तरी शेवटच्या होलपर्यंत मेडलच्या शर्यतीत होती.

दुसरं काम: कॅरी मोजा, एकूण अंतर नाही

कॅरी म्हणजे बॉल हवेतून जाऊन पहिल्यांदा जमिनीला टेकतो तिथपर्यंतचं अंतर. आपल्याकडे हे मोजायला फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघाल्यावरचं रान एकदम झकास. काळी जमीन वाळून टणक झालेली असते, वर पातळ धूळ असते, बॉल पडला की धुळीचा छोटा भपका उडतो तो लांबूनही दिसतो. एकाने बाजूला सुरक्षित अंतरावर उभं राहायचं, भपका उडाला तिथे जाऊन फोनवरच्या जीपीएस ॲपने नाहीतर रेंजफाइंडरने अंतर घ्यायचं, वहीत लिहायचं. बॉल नंतर धसकटांत उड्या मारत कुठेही जाऊ दे, तो आकडा कामाचा नाही, उलट फसवतो. शेतमालकाला आधी विचारा, समोर माणसं-जनावरं नाहीत ना बघा, आणि मारायचं ते धसकटं काढून साफ केलेल्या पट्ट्यावरून, नाहीतर क्लबचा फेस खरवडून निघेल.

आता वहीत बघा. क्लबा-क्लबांत १० ते १५ यार्डांचा फरक असला की ठीक. दोन क्लब सारखेच जात असतील तर एक फुकट जागा अडवून बसलाय. मध्ये २५-३० यार्डांचं भगदाड असेल तर नवा क्लब तिथेच हवा, दुसरीकडे कुठेही नाही.

आमच्या ग्रुपमध्ये एक टॉवेलच्या धंद्यातले अण्णा आहेत. त्यांना म्हटलं, "अण्णा, तो थ्री वूड काढा की आता बॅगेतनं." तर म्हणतात, "कशाला बे, मागच्या दिवाळीत गेला नव्हता का २२० यार्ड?" गेला होता, खरंय. पण वही काढली तर बाकीचे सगळे १७० च्या आत, आणि त्यांचा फाइव्ह वूड निवांत १८० हवेतून जातो. कारण साधं आहे, १५ डिग्रीचा क्लब जमिनीवरून उचलायला स्विंगचा वेग लागतो, तो नसेल तर बॉल उठतच नाही. जास्त लॉफ्टवाला क्लब अशा माणसाला जास्त लांब जातो. दुकानात हे कोणी सांगत नाही.

तिसरं काम: तुमचा डिव्हट (फटक्याने उडालेला गवताचा तुकडा) बघा

आयर्न मारल्यावर गवताचा जाड तुकडा उडत असेल तर तुम्ही वरून खाली मारणारे, तुम्हाला हायब्रिड लवकर जमेल, कारण तो आयर्नसारखाच मारायचा असतो, बॉलला आधी लावून पुढे थोडं गवत घेत. गवत जेमतेम घासलं जात असेल तर तुमचा स्विंग सपाट, अंगणात खराटा फिरवल्यासारखा, आणि फेअरवे वूडला हेच लागतं. वूडसाठी बॉल डाव्या टाचेच्या जरा आत, हायब्रिडसाठी त्याहून एक बॉलभर मागे (डावखुऱ्यांनी उलटं वाचा).

आणखी एक, बॉल कायम डावीकडे वळून जात असेल तर हायब्रिड घेताना सांभाळून. बऱ्याच हायब्रिडचा फेस थोडा बंद (डावीकडे वळलेला) बसवलेला असतो, सुरुवातीच्या खेळाडूंचा बॉल उजवीकडे जातो म्हणून ती सोय, पण आधीच डावीकडे जाणाऱ्याचा बॉल त्याने थेट झाडीत. अशा माणसाने खाली धरून वरून बघावं, फेस बंद वाटला तर दुसरा मागावा, किंवा सरळ सेव्हन वूड मारून बघावा.

चौथं काम, आणि सगळ्यात महत्त्वाचं: जमीन

इथे खरी गंमत आहे, कारण कडक जमीन दोन्ही बाजूंनी ओढते.

एप्रिल-मे धरा. गवत बारीक, खाली जमीन टणक. अशा जागेवरून वूडचा रुंद सोल जमिनीला आधी टेकला की उडतो आणि फेसची खालची धार बॉलच्या पोटात बसते, बॉल मग सापासारखा सरपटत जातो. हायब्रिडचा सोल अरुंद, शाफ्ट आखूड, त्यामुळे नेम धरायला सोपा. म्हणजे मारताना हायब्रिड बरा. पण पुढे ग्रीनही तेवढंच कडक असतं, त्यावर हायब्रिडचा बॉल जरा खालून येऊन टेकला तर मागच्या बाजूने निघून जातो, आणि तिथे सेव्हन वूड उंचावरून उभा उतरून थांबायची शक्यता जास्त. म्हणजे उतरताना वूड बरा. आता यात निवडायचं कसं? तुमचा बॉल दोनशे यार्डांवरून ग्रीनवर डायरेक्ट पोचतच नसेल, पुढे टप्पा घेऊन घरंगळत जायचा असेल, तर उंचीची चिंता सोडा, हायब्रिड घ्या. पोचत असेल तर सेव्हन वूडचा विचार करा. डस्टिन जॉन्सनसारख्या ताकदवान माणसाने २०२० च्या मास्टर्स स्पर्धेत २० अंडर (ठरलेल्या फटक्यांपेक्षा, म्हणजे पारपेक्षा, २० कमी) मारून रेकॉर्ड केलं तेव्हा त्याच्याही बॅगेत सेव्हन वूड होता, म्हणजे तो क्लब म्हाताऱ्यांचा वगैरे बोलायची सोय राहिली नाही.

पावसाळ्यात चित्र उलटं. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याकडे गवत ओलं आणि उंच, बॉल पडला तिथेच रुततो, टप्पा नाही, घरंगळणं नाही. फेअरवेवर (होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) असाल तर वूडच, कारण सगळं अंतर हवेतूनच मिळवायचंय. पण रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या गवतात) गेलात तर ओलं गवत मोठ्या हेडला गुंडाळतं, फेस फिरवतं, तिथे हायब्रिड गवत कापत पुढे निघतो. फेअरवे बंकरमध्येही (वाळूच्या खड्ड्यात) कडा बुटकी असेल तर हायब्रिडच. २००९ च्या पीजीए चँपियनशिपमध्ये कोरियाच्या वाय. ई. यांगने टायगर वूड्सला हरवलं तेव्हा विजय पक्का केला तो शेवटच्या होलवर सुमारे दोनशे यार्डांवरून हायब्रिड मारून, बॉल फ्लॅगजवळ बसला आणि बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी). मेजर (गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकणारा तो पहिला आशियाई पुरुष.

तर मागच्या काही राउंड आठवा, नाहीतर पुढच्या राउंडला स्कोअरकार्डच्या मागे खूण करत जा, लांबचा शॉट फेअरवेवरून होता की रफमधून की नुसत्या मातीवरून. कॅडीला (बॅग उचलणाऱ्याला) विचारलं तरी तो बरोबर सांगेल, कदाचित तुमच्यापेक्षा खरं सांगेल.

आणि मॅटचं राहिलं. रेंजच्या मॅटवर क्लब बॉलच्या चार बोटं मागे पडला तरी घसरत पुढे जातो आणि बॉल छान उडतो, तुम्ही खूश. तोच शॉट काळ्या मातीवर मारला तर मनगटापर्यंत झिणझिण्या. म्हणून मॅटवरचा निकाल धरू नका.

मग बॅगेत काय?

ड्रायव्हरचा वेग बेताचा, आयर्न सहापासून सुरू, अशा बहुतेक हौशी लोकांना मी सांगेन की फाइव्ह वूड १८ चा, मग हायब्रिड २२ आणि २५ चा. थ्री वूड नको. ज्यांना ड्रायव्हरच भीती घालतो आणि टीवरून (खुंटीवर बॉल ठेवून) दुसरं काहीतरी हवंय, त्यांनी थ्री वूड ठेवावा, पण मग तो टीवरूनच मारावा. सपाट स्विंगवाले आणि ज्यांचा बॉल नेहमी खाली खाली जातो ते फाइव्ह आणि सेव्हन वूड घेऊन एकच हायब्रिड ठेवू शकतात. बायकांना आणि वय झालेल्यांना सेव्हन, अगदी नाइन वूडसुद्धा पाच नंबरच्या आयर्नपेक्षा कितीतरी सोपा जातो.

एका वेळी एकच क्लब घ्या. दोन-तीन राउंड खेळा, वहीत त्याचा आकडा टाका, मग पुढचा. लॉफ्ट फिरवता येणारा क्लब असेल तर एवढं लक्षात ठेवा की लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, कमी केला की उघडतो, म्हणजे अंतर जुळवायला जाल आणि दिशा बिघडेल.

जुना घ्यायचा असेल, आणि पहिला हायब्रिड जुनाच घ्यावा असं माझं म्हणणं, तर फेसवर मधोमध घासल्याची खूण असेल ती चालते, पण फेस दबलेला किंवा वरच्या बाजूला तडा असेल तर नको. हेड हलवून बघा, आत काही खुळखुळतंय का. शाफ्ट जिथे हेडमध्ये जातो तिथली काळी रिंग सरकलेली असेल तर गोंद सुटत आलाय. शाफ्टवर किती ग्रॅमचा आहे ते लिहिलेलं असतं, तुमची आयर्न स्टीलची असतील तर अगदी हलका ५० ग्रॅमवाला हायब्रिड हातात वेगळाच लागतो, जरा जड बघा. आणि विकणारा "मारून नको बघायला, आहे तसा घ्या" म्हणाला तर सरळ नमस्कार करून निघा.