सोन्याचं जुनं क्रोनोग्राफ घड्याळ घेताना सोनं सगळ्यात शेवटी बघा

खिशातलं सोन्याचं घड्याळ हातात आलं की आधी नजर जाते झळाळीकडे. क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, घेताना मात्र हा क्रम उलटा ठेवा. सोन्याचा कस सराफ पाच मिनिटांत सांगतो. बिघडलेला क्रोनोग्राफ नीट करणारा घड्याळजी शोधायला वर्षही जातं.

आधी चावी पूर्ण द्या. मग क्रोनोग्राफचं बटण दाबा. बहुतेक जुन्या घड्याळांत एकाच बटणाच्या तीन दाबांत मधला लांब काटा सुटतो, थांबतो आणि शून्यावर येतो. सुटताना त्यानं उडी मारता कामा नये. पाच-दहा मिनिटं तो चालू ठेवा आणि नेहमीच्या छोट्या सेकंद काट्यावर लक्ष ठेवा. तो अडखळला, तर यंत्राची ताकद कमी पडतेय. मिनिट मोजणारा काटा असेल, तर दर साठ सेकंदांनी तो एक घर पुढे जातो ना, तेही पाहा.

खरी परीक्षा शून्याची. काटा एका दाबात जागेवर येतो, कारण त्याच्या आसावर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची चकती असते. तिच्यावर छोटी हातोडी आपटली की चकती फिरून एकाच जागी स्थिरावते. घड्याळजी अडॉल्फ निकोल यांनी १८४४ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती आजही वापरात आहे, आणि मला तरी घड्याळातली ती सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. दहा वेळा काटा शून्यावर आणा आणि दर वेळी टोक भिंगातून पाहा. प्रत्येक वेळी सारखाच फरक पडत असेल, तर काटा बसवताना किंचित सरकलाय. ते किरकोळ काम. दर वेळी वेगळीकडे थांबत असेल, तर काटा सैल आहे किंवा बदाम नाहीतर हातोडी झिजलीय. असं घड्याळ मी परत ठेवतो.

सेकंदाचे दोन काटे एकावर एक असतील, तर एक थांबवून सोडल्यावर त्यानं दुसऱ्याला झटक्यात गाठलं पाहिजे. एकत्र चालताना ते एकच काटा वाटावेत.

मागचं झाकण घड्याळजीकडूनच उघडून घ्या. गंज, ओरबाडलेले स्क्रू आणि क्रमांक बघा. सोन्याच्या लोभानं असंख्य जुन्या केस, म्हणजे घड्याळांची बाहेरची कवचं, वितळवल्या गेल्या आणि उरलेली यंत्रं भलत्याच केसमध्ये बसवली गेली. म्हणून झाकणांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळतात का, यंत्र केसमध्ये घट्ट बसलंय का, जास्तीची भोकं दिसतात का, हे तपासा. लाँजिनसारख्या कंपन्यांकडे जुन्या नोंदवह्या आहेत. क्रमांकावरून मूळ माहिती मिळू शकते.

इनॅमलची तबकडी दिव्याखाली तिरकी धरा. केसासारखी चीर चालेल, पण पांढरेपणात फरक असलेला ठिगळाचा भाग किंमत पाडतो.

आता सोनं. ७५० म्हणजे १८ कॅरेट, ५८५ म्हणजे १४. स्वित्झर्लंडच्या १८८० च्या कायद्यानुसार १८ कॅरेटवर हेल्व्हेशियाचं, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं, मस्तक आणि १४ वर खार असे शिक्के मारले जात. आतलं धूळ अडवणारं झाकण मात्र बऱ्याचदा पितळेचं असतं, तेव्हा सगळं वजन सोन्याचं धरू नका. अमेरिकन केसमध्ये ‘वीस वर्षांची हमी’ कोरलेली दिसली, तर तो पितळेवरचा सोन्याचा पत्रा असतो.

पुढे झाकण असलेलं घड्याळ घेतलंत, तर ते खटकन् आपटून बंद करू नका. चावीचं बोंड दाबून धरा, झाकण टेकवा आणि मग बोंड सोडा. सोनं मऊ असतं, अशानं कडेची खाच झिजत नाही. पॉलिश तर अजिबात नको, त्यात कोरीवकाम आणि शिक्के दोन्ही पुसट होतात. दुरुस्तीत एखादा भाग बदलावा लागला, तर जुना भाग मागून घ्या आणि चिठ्ठी लावून घड्याळासोबतच ठेवा.