चालू लाइनवर रोल जोडण्याआधीची तयारी

लॅमिनेटचा, म्हणजे एकमेकांना चिकटवलेल्या थरांच्या मालाचा, रोल संपत आला की जोडाकडे, म्हणजे नव्या रोलचं तोंड जुन्याच्या शेपटाला जोडायला, धावायचं, ही सवय आधी मोडा. चालू रोल लाइनवर लागला, टेन्शन म्हणजे मालाची ओढ स्थिरावली, की त्याच क्षणापासून पुढच्या जोडाचं काम सुरू होतं. त्यासाठी हाताशी वेळ किती आहे हे नुसतं बघून ठरवू नका, कारण रोलकडे पाहून अंदाज हमखास चुकतो. समजा माल १०० मायक्रॉन जाडीचा आहे, भरलेल्या रोलचा व्यास ६०० मिलिमीटर आणि कोअरचा, म्हणजे माल ज्यावर गुंडाळलेला असतो त्या नळीचा, बाहेरचा व्यास १०० मिलिमीटर. रोलचा बाहेरचा १० मिलिमीटर थर उतरला की सुमारे १८५ मीटर माल गेलेला असतो. कोअरवर तेवढाच १० मिलिमीटर थर उरतो तेव्हा मात्र जेमतेम ३५ मीटर शिल्लक असतात, आणि मिनिटाला १०० मीटरच्या वेगाने ते साधारण २१ सेकंदांत संपतात. म्हणून आपल्या मालाच्या जाडीप्रमाणे व्यास आणि उरलेले मीटर यांचा छोटा तक्ता करून अनवाइंडरपाशी, म्हणजे रोल उलगडणाऱ्या यंत्रापाशी, लावा आणि कोणत्या व्यासाला जोड द्यायचा ते ठरवून टाका.

लाइन चालू ठेवून फक्त रोल थांबवायचा असेल तर अ‍ॅक्युम्युलेटरचा हिशेबही आधीच करा; रोल थांबला तरी त्यात साठवलेल्या मालावर लाइन चालू राहते. मिनिटाला १०० मीटरच्या वेगाला जोड द्यायला ४० सेकंद लागणार असतील तर किमान ६७ मीटर माल साठलेला हवा. हे सेकंद मोजताना सगळ्यात चपळ माणसाचा वेळ धरू नका. शिफ्टमध्ये जो सगळ्यात सावकाश, पण नीट काम करतो, त्याचा वेळ धरा. त्याला घाई करायला लावली की जोड कच्चा राहतो.

आता नवा रोल. तो गोदामातून थेट मशीनवर नेऊ नका. लाइनच्या हवेत आदल्या दिवशीच आणून ठेवलेला बरा. थंड रोलवर ओल धरली तर टेप चिकटत नाही, आणि ज्यात कागद आहे तो माल ओलाव्याने कडेला लहरतो. कडा ठेचलेल्या आहेत का, कोअर चेपला आहे का, रोल एका बाजूला दुर्बिणीसारखा सरकला आहे का, हे हात फिरवून पाहा. लेबलवरचा बॅच नंबर उतरवून घ्या. वरचे मळलेले, सुरकुतलेले वेढे काढून टाका. चार-पाच मीटर वाचवण्याच्या नादात जोड खराब मालावर देणं मला कधीच पटलेलं नाही. रोल कोणत्या दिशेने उलगडतो आणि कोणती बाजू वर येते, हे चालू रोलशी ताडून पाहा. उलट्या बाजूने लावलेला रोल जोडून पूर्ण होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही, असं पुष्कळदा होतं.

थरांच्या मालात खरा विचार इथून सुरू होतो. एकाच थराच्या फिल्ममध्ये टेप कुठेही लावली तरी ओढ त्याच फिल्मवर येते. लॅमिनेटमध्ये तसं नसतं. पॉलिएस्टर, अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि पॉलिथिन असा माल घ्या. ओढ मुख्यतः पॉलिएस्टर पेलतं. पॉलिथिन ताणलं जातं आणि त्याच्या पृष्ठभागावर टेप सहज धरत नाही. फक्त पॉलिथिनच्या बाजूला टेप लावलीत तर सगळी ओढ त्या मऊ थरातून आणि दोन थरांमधल्या चिकटवणीतून जाते, म्हणजे टेप जागच्या जागी राहूनही थर सुटू शकतात. टेप पॉलिएस्टरच्या बाजूला लावा. ओढ जास्त असेल किंवा पुढे तीव्र वळणांचे रोलर असतील तर दोन्ही बाजूंना लावा.

लेबलच्या मालात तर भार पेलतो लायनर, म्हणजे लेबलच्या मागचा सोलून निघणारा थर. वरचा कागद पुढे कापून निघून जाणार असतो, त्यामुळे फक्त त्यावर लावलेल्या टेपच्या भरवशावर राहू नका. लायनरच्या सिलिकॉन लावलेल्या बाजूवर साधी अ‍ॅक्रिलिक टेप टिकत नाही. तिथे सिलिकॉन चिकटाचीच टेप लागते. लाइनमध्ये गरम ओव्हन असेल तरीही सिलिकॉन चिकटाकडे वळावं लागतं, कारण उष्णतेत साधा चिकट मऊ पडतो आणि जोड हळूहळू सरकत उघडतो. टेपचा रोल उघडताना मुदत तपासा. उघडा पडलेला, कडेला धूळ धरलेला रोल जोडासाठी वापरू नका.

टेप निवडली की टेबलावर एक जोड करून तो ओढून पाहा, शक्यतो लाइनच्या तापमानाला, आणि नेमकं काय सुटलं ते बघा. टेप सरकली असेल तर चिकट कमी पडतोय, किंवा जागा पुसली नाही, किंवा दाब दिला नाही. टेप तुटली असेल तर जास्त मजबूत आधाराची टेप हवी. थर एकमेकांपासून सुटले असतील तर टेप चुकीच्या थराला धरून आहे, आणि तिथे कितीही महाग टेप आणली तरी उपयोग नाही. नुसतं ‘जोड सुटला’ एवढीच नोंद ठेवली तर पुढच्या शिफ्टला त्यातून काहीच कळत नाही.

जोडाची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. फिल्म उलगडताना स्थिर वीज साठते, म्हणून ही बाटली अनवाइंडरजवळ उघडी ठेवू नका. ब्लेड नवी घ्या. बोथट ब्लेडने फॉइलच्या कडेला बारीक चिरा पडतात आणि फाटणं तिथूनच सुरू होतं. टोकाला टोक लावलेला जोड जाडी वाढू देत नाही, म्हणून कोटिंगच्या लाइनवर मला तोच योग्य वाटतो. एकावर एक चढवून द्यावाच लागला तर कोटिंगच्या चाकूकडच्या (लेप सारखा करणाऱ्या पात्याकडच्या) बाजूला जुन्या रोलचं शेपूट वर राहू द्या, म्हणजे चाकूसमोर उभी कड येणार नाही. तिरका काप निपमध्ये, म्हणजे माल दाबणाऱ्या दोन रोलरांच्या मधे, हळूहळू शिरतो, धक्का कमी बसतो, पण वाया जाणारी लांबी वाढते. छपाईचं रजिस्टर, म्हणजे छापलेल्या भागांची नेमकी जागा, जुळवायचं असेल तर सरळ कापच सोयीचा. टेप लावल्यावर हातरोलरने मधून कडांकडे जोर देऊन दाबा. दाबाने चिकटणाऱ्या टेपला दाबच मिळाला नाही तर बाकीची मेहनत फुकट जाते.

पूर्ण वेगात जोड द्यायचा असेल तर नव्या रोलच्या तोंडावर टेप लावताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. टेपच्या पुढे सैल कड उरू देऊ नका, नाहीतर रोल वेगात फिरू लागला की तिच्याखाली हवा शिरते आणि तोंड उघडतं. तोंड धरून ठेवणाऱ्या चिकटपट्ट्या रोल वेग घेईपर्यंत टिकाव्यात आणि जोडाच्या क्षणी सहज तुटाव्यात, एवढ्याच मजबूत ठेवा. नव्या रोलच्या पृष्ठभागाचा वेग लाइनच्या वेगाशी जुळला आहे हे पाहिल्याशिवाय जुना माल नव्या रोलवर दाबणारा दाबरोलर खाली घेऊ नका. आणि शाफ्ट फिरायला लागल्यावर पट्टी सरळ करायला कुणीही हात घालायचा नाही.

नवा रोल भरलेला आणि जुना संपत आलेला, त्यामुळे ब्रेकची गरज एकदम बदलते. जोड देण्याआधी नव्या रोलचा व्यास कंट्रोलरमध्ये भरला आहे का आणि डान्सर (ओढ सारखी ठेवणारा हलता रोलर) मधल्या जागी आहे का ते बघा.

शेवटी पुढच्या टोकाला असलेल्या माणसाला सांगून ठेवा. जोड त्याच्यापर्यंत किती मीटरवर पोहोचेल, चाकू कधी उचलायचा, निप कधी सैल करायचा आणि जोडाच्या आधीचा व नंतरचा किती माल बाजूला काढायचा, हे त्याच्याकडे लिहिलेलं हवं. जोडाला रंगीत टेप वापरा, म्हणजे तो लांबून दिसेल. कडेबाहेर लोंबणारं निशाण मात्र नको, ते वेब गाइडमध्ये, म्हणजे माल सरळ चालवणाऱ्या यंत्रणेत, अडकतं. जोड दिला की मीटरचं वाचन, दोन्ही रोलचे बॅच नंबर आणि टेपचा प्रकार एकाच ओळीत नोंदवा, आणि उतरलेल्या कोअरवर किती मीटर उरले ते मोजून तक्त्यातला व्यास दुरुस्त करा.