नवा सायनोबॅक्टेरिया सापडला म्हणण्याआधी या चुका टाळा

पावसाळा सरता सरता कुणीतरी सायनोबॅक्टेरियाचं (प्रकाशावर जगणाऱ्या, शेवाळासारख्या दिसणाऱ्या जीवाणूंचं) हिरवंगार पाणी बाटलीत घेऊन आमच्या लॅबच्या दारात उभं राहतंच. "मॅडम, नवीन प्रजाती आहे बहुतेक!" बहुतेक नसते.

सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केलेली आहे. इगतपुरीकडच्या भातखाचरातून एक तंतुमय शेवाळ आणलं होतं. बीजी-११ माध्यमात, म्हणजे ते वाढवायच्या पोषक द्रावणात, झकास वाढलं. मायक्रोस्कोपखाली नुसते तंतू, हेटरोसिस्ट (हवेतला नायट्रोजन पकडणारी खास पेशी) एकही नाही. वहीत ठोकून दिलं, 'हेटरोसिस्ट नसलेला गट', आणि दोन महिने त्याच गटातली वर्णनं जुळवत बसले. काही जुळेना, म्हणजे नवीनच असणार! मग ओळख पटवायला वापरतात त्या १६एस जनुकाचा क्रम आला आणि स्वारी नॉस्टॉकच्या, म्हणजे हेटरोसिस्ट बनवणाऱ्याच्याच, घरात जाऊन बसली.

सरांनी एवढंच विचारलं, "नायट्रेट घातलंस ना गं?"

नेहमीच्या बीजी-११ मध्ये लिटरला दीड ग्रॅम सोडियम नायट्रेट असतं. आयतं ताट वाढल्यावर हवेतला नायट्रोजन पकडायला हेटरोसिस्ट कोण बनवेल? तंतू धुऊन नायट्रेटविना माध्यमात टाकले. चौथ्या दिवशी पाहिलं तर माळेच्या मण्यांमध्ये मधूनमधून जाड भिंतीच्या फिकट पेशी, दोन्ही टोकांना चमकणारी गाठ. तेव्हापासून मी एकाच दिवशी दोन फ्लास्क लावते, नायट्रेटचा आणि बिननायट्रेटचा, आणि महिनाभर पुन्हा पुन्हा बघते. कोवळा नॉस्टॉक आणि महिन्याचा नॉस्टॉक एकमेकांना ओळखणार नाहीत. घाई असलेल्यांनी दुसरा विषय घ्यावा.

दुसरं दुखणं ब्लास्टचं, म्हणजे आपला क्रम डेटाबँकेतल्या क्रमांशी जुळवून बघणाऱ्या प्रोग्रॅमचं. "९७ टक्केच जुळलं!" अरे, पण तुकडा केवढा? १६एस जवळपास १५०० अक्षरांचं, आणि हातात सहाशे. प्रजातीसाठी ९८.७ आणि वंशासाठी ९४.५ टक्क्यांच्या आसपास रेघ मानतात, त्याखाली गेलं तर वेगळं, पण ती रेघच, निकाल नव्हे. शिवाय डेटाबँकेतल्या नोंदीला नाव लावणाराही तुमच्यासारखाच घाईत असू शकतो. प्रमाण स्ट्रेन (ज्यांवर नाव बेतलंय ते मूळ नमुने) घेऊन वंशवृक्ष काढा.

१६एस आणि २३एस या जनुकांमधल्या आयटीएस नावाच्या पट्ट्याच्या घड्या तुलनेला घेताना एक बघा: एकाच पेशीत या पट्ट्याच्या वेगवेगळ्या प्रती असू शकतात, एकीत दोन टीआरएनए जनुकं, दुसरीत एकही नाही. तुलना सारख्याला सारख्याशीच.

मिश्र कल्चरमधून डीएनए काढू नका. डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआरला तुमचं शेवाळ कोणतं ते ठाऊक नसतं. पेशी एकाच फोटोवरून मोजू नका.

आणि नाव. एका पोराने गोदावरीवरून नाव आधीच ठरवून टाकलं होतं. ही नावं सहसा वनस्पतींच्या संहितेनुसार देतात, त्यासाठी वाळवलेला किंवा निष्क्रिय करून जपलेला नमुना हवा, जिवंत वाढतं कल्चर चालत नाही, हे त्याला सांगितलं. तो कल्चर शोधायला गेला. दिवाळीच्या सुट्टीत ते आपोआपच वाळलं होतं, बुरशीसकट.