वेलिगामात सर्फिंग शिकायला जाताय? या चुका टाळा

दरवर्षी मार्च उजाडला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "मेच्या सुट्टीत श्रीलंकेला निघालोय, वेलिगामाला तीन दिवस ठेवलेत. सर्फिंग शिकायला कुठे जाऊ?" तिकिटं काढून झालेली असतात, म्हणून खरं बोलायचं जिवावर येतं. तरी बोलते: महिना चुकलाय.

वेलिगामा श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, गाल शहराच्या पुढे, मातारा जिल्ह्यात आहे. सिंहलीत 'वॅलि' म्हणजे वाळू आणि 'गम' म्हणजे गाव; मराठी माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. किनारा कमानीसारखा आत वळलेला, तळाला वाळू, लाटा बुटक्या. म्हणून बेटावरचे निम्मे शिकाऊ इथेच पाण्यात धडपडत असतात. पण जे नैर्ऋत्य मोसमी वारे जूनमध्ये आपल्याकडे येतात, ते त्याआधी याच किनाऱ्यावर थडकतात. मे ते सप्टेंबर पाणी गढूळ आणि खवळलेलं. अधूनमधून एखादा बरा दिवस मिळतो, पण तीन दिवसांच्या सहलीत तो तुमच्याच वाट्याला येईल हा जुगार झाला.

दक्षिणेचा खरा हंगाम नोव्हेंबर अखेर ते एप्रिल. त्यातही जानेवारी ते मार्च सोन्यासारखे. दिवाळीच्या सुट्टीत जाल तर दुपारच्या गडगडाटी पावसाची तयारी ठेवा. मुलांच्या शाळेमुळे मेशिवाय जमतच नसेल, तर गाव बदला: तेव्हा पूर्व किनाऱ्यावरच्या आरुगम बेचा हंगाम सुरू होतो. तिथल्या मुख्य पॉइंटवर मात्र नवख्यांनी जाऊ नये, त्यांच्यासाठी शेजारीच 'बेबी पॉइंट' आहे.

घड्याळ हॉटेलचं नाही, वाऱ्याचं

ही चूक माझी स्वतःची. पहिल्या दिवशी आरामात उठले, नाश्त्याला बसले, अकराच्या सुमाराला बोर्ड भाड्याने घेतला. डोक्यावर ऊन, समोरून वारा, लाटा विस्कटलेल्या. तासाभरात एकही लाट नीट मिळाली नाही. पोटात खारं पाणी मात्र भरपूर गेलं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला तिथेच उभी राहिले तर पाणी तेलासारखं गुळगुळीत, आणि लाट दुरूनच रेघेसारखी दिसत येत होती.

शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलो होतो, ते इथे अंगावर कळले. रात्री जमीन निवते, पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेला समोरून हलकेच धरून ठेवतो. जमीन तापली की वारा उलटतो आणि लाटेची घडी मोडते. म्हणून क्लास सकाळचाच घ्या, आणि पोटभर नाश्ता बाहेर आल्यावर करा. बोर्डवर पालथं पडायचं असतं, हे पोट विसरत नाही.

भरती-ओहोटीबद्दल कोकणातली सवय तिथे फसवते. मुंबईकडे उधाणाच्या भरतीत पाणी चार-साडेचार मीटर चढतं. वेलिगामाला हा फरक एक मीटरसुद्धा नाही. म्हणून ते तक्ते बघायचेच नाहीत असं नव्हे. वाळूवर फारसं बिघडत नाही, पण शेजारच्या मिडिगामाला लाटा प्रवाळाच्या खडकावर फुटतात. तिथे हातभर पाणी कमी झालं की फळीखाली थेट खडक आणि समुद्री साळू, म्हणजे काटेरी सी अर्चिन. दोन दिवस शिकून चौथ्या दिवशी मिडिगामाला जाणारे पायाला बँडेज बांधून परत येताना मी पाहिलेत.

बोर्डवर नेमकं काय चुकतं

सगळ्यात आधी, पोहता येत नसेल तर शिकवणाऱ्याला ते सांगा. आपल्याकडे हे लपवायची फार हौस. पहिले धडे कमरेएवढ्या पाण्यात होतात, त्यामुळे न पोहणाऱ्यालाही शिकवतात, पण मग तो माणूस तुमच्यावर वेगळी नजर ठेवतो. बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी, म्हणजे लीश, हे लाइफ जॅकेट नव्हे. ती मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात, हाताला कधीच गुंडाळायची नाही. मागचा पाय कोणता हे माहीत नसेल तर कुणाला तरी बेसावध असताना पाठीवर हलकेच ढकलायला सांगा. जो पाय आपसूक पुढे पडतो तो पुढचा.

बोर्ड आठ-नऊ फुटी आणि मऊ फोमचा घ्या. लहान, चकचकीत फळी फोटोत छान दिसते आणि नवख्याखाली बुडते.

आता तक्रारी. बोर्डचं नाक पाण्यात घुसून तुम्ही तोंडावर आपटताय? तुम्ही फार पुढे झोपलाय. वीतभर मागे सरका आणि लाटेने उचललं की छाती वर करा. उलट लाट खालून निघून जातेय आणि तुम्ही जागच्या जागी? मग फार मागे आहात, किंवा हात मारणं लवकर थांबवताय. लाट लागली असं वाटल्यावर आणखी दोन हात मारायचे. आधी गुडघे टेकून मग उठायची सवय पहिल्या दिवशीच मोडा, नाहीतर ती पुढे सुटत नाही.

माझा रोग वेगळाच होता. उभी राहायचे आणि लगेच डावीकडे कलंडायचे. शिकवणारा पोरगा माझ्याहून बराच लहान. तो मला 'अक्का' म्हणायचा (सिंहलीतही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात). चार वेळा पडल्यावर त्याने विचारलं, "अक्का, खाली काय शोधतेस? पाय तर तुझेच आहेत." नजर पायांवरून काढून किनाऱ्यावरच्या नारळाच्या झाडावर ठेवली आणि पहिल्यांदा वाळूपर्यंत पोचले. नजर जाते तिकडे अंग जातं, एवढंच ते होतं.

पडायचंही शिकून घ्या: डोक्यावर सूर मारायचा नाही, पाठीवर किंवा बाजूवर सपाट पडायचं, वर येताना दोन्ही हात डोक्यावर. लाट येत असताना बोर्ड कधीही स्वतःच्या आणि लाटेच्या मध्ये आडवा धरू नका, दात जातात. आणि एक लाट एकाच माणसाची. कुणी आधीच तिच्यावर उभा असेल तर सोडून द्या.

अंगात पूर्ण बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट हवाच, नाहीतर पोट आणि छाती फोमला घासून सोलवटते. सनस्क्रीन नाकाला सगळेच लावतात. गुडघ्यांच्या मागची बाजू विसरतात आणि मग दोन दिवस खुर्चीत बसता येत नाही.

दुपारी काय करायचं

तिन्ही दिवस सकाळ-संध्याकाळ क्लास लावणं ही उत्साही लोकांची चूक. तिसऱ्या दिवशी खांदे वर जात नाहीत. दुपार गावाला द्या. स्टेशनपासून जवळच कुष्ठराजगल आहे, म्हणजे कातळात कोरलेली माणसाच्या दुपटीने उंच मूर्ती. नारळावर राहून त्वचारोगातून बरा झालेला राजा अशी लोककथा. अभ्यासक ती बोधिसत्त्वाची मानतात. तिथे किंवा कुठल्याही बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका. आपल्याला साधं वाटतं, त्यांना तो अपमान वाटतो.

किनाऱ्यासमोरच्या चिमुकल्या तॅप्रोबेन बेटावर ओहोटीला चालत जाता येतं, पण तो खासगी बंगला आहे, लांबूनच बघा. खांबावर बसलेले कोग्गलाचे कोळी आता बहुतेक फोटोसाठीच बसतात, तेव्हा कॅमेरा काढायच्या आधी पैशांचं बोला. मिरिस्साहून व्हेल बघायला जाणार असाल तर ती सकाळ सर्फिंगच्या सकाळींतून वजा करा, कारण होड्या साडेसहाच्या आसपास निघतात. उलटीची गोळी होडी हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, निघायच्या आधी घ्यायची. व्हेलच्या अंगावर होडी घालणाऱ्यापेक्षा इंजिन मंद करून लांब थांबणारा नावाडी शोधा.

शाकाहारी लोकांची तिथे फजिती ठरलेली. भात, डाळ आणि ओल्या खोबऱ्याचा लालभडक पोल संबोल बघून जीव हरखतो, पण त्या संबोलात बहुतेक वेळा 'उंबलकड' म्हणजे सुकवलेल्या माशाची भरड असते. नुसतं 'नो फिश' पुरत नाही, कारण ते त्यांच्या लेखी मासा नसून मसाला आहे. 'उंबलकड एपा' म्हणा. एपा म्हणजे नको. पौर्णिमेला पोया असतो, सरकारी सुट्टी, त्या दिवशी दारू मिळत नाही. चार वाजता बेथोवनचं 'फर एलिस' वाजवत रिक्षा आली तर धावा, ती पाववाल्याची आहे. तिथे पावाला 'पान' म्हणतात. त्यांचा पान आणि आपला पाव, दोन्ही पोर्तुगिजांकडूनच आले.

शेवटची चूक रेल्वेतली. कोलंबो फोर्टहून निघताना सगळे सांगतात, उजवीकडे बसा, समुद्र दिसतो. खरं आहे, पण गालपर्यंतच. तिथे गाडी दिशा बदलून उलटी निघते. आम्ही घाबरून बॅगा काढल्या, वाटलं चाललो परत कोलंबोला! समोरच्या आजी हसल्या, हातानेच 'बसा, बसा' म्हणाल्या, आणि स्वतः सरकून त्यांच्या बाजूची खिडकी आम्हाला दिली. समुद्र आता तिकडे होता.